दुपारची लहर

मी त्या घरी गेले ती एक सेटिंग बदलायला. फार तर तासाभराचं काम. परतताना चष्म्याची दांडी बसवून घ्यायची आणि लवकर घरी जाऊन पाय पसरून बसायचं, एवढाच त्या दिवसाचा बेत होता. तो दिवा जरा इकडे सरकवा. माझ्या तोंडावर उजेड असला म्हणजे मी थापा मारत नाहीये हे तुम्हाला दिसेल, आणि मलाही बरं वाटेल.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. कंपवाताच्या काही रोग्यांच्या मेंदूत डॉक्टर दोन बारीक तारा बसवतात, पार आतपर्यंत. त्या तारा कातडीखालून मानेतून खाली येतात आणि छातीत बसवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्राला जोडलेल्या असतात. यंत्र मेंदूला हलकी वीज देतं, आणि आखडलेलं अंग सुटतं. नवी यंत्रं नुसती वीज देत नाहीत, ऐकतातही. मेंदूच्या त्या भागात एक लहर सतत चाललेली असते, बीटा म्हणतात तिला. अंग आखडलं की ती चढते, माणूस मोकळा चालायला लागला की पडते. लहर चढली की यंत्र वीज वाढवतं, पडली की कमी करतं. चालणाऱ्या माणसाला मदत कशाला, असा त्याचा साधा हिशोब. वीज किती वाढायची आणि किती उतरायची, त्या मर्यादा मी माझ्या टॅबवरून ठरवते. रोगी मला तारवाल्या बाई म्हणतात. आमचे डॉक्टर मात्र मला मॅडम म्हणतात, तेही काम वाढवून द्यायचं असलं तरच.

मिस्त्री आमचे लाडके रोगी. जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, गुडघ्यांवर आयुष्य काढलं, आणि म्हातारपणी पायच फरशीला चिकटायला लागले. उंबऱ्याशी येत आणि खिळून उभे राहत. तारा बसवल्यावर मात्र माणूस पालटला. तपासणीला येत तेव्हा स्वतःच्या पायांनी, काठी बगलेत मारून येत. आमच्या विभागात शिरले की पहिली नजर खाली.

"ही फरशी कुणी बसवली हो? उतार दाराकडे काढलाय. एक दिवस सगळे रोगी घसरत बाहेर जातील."

"बरंच की, गर्दी कमी होईल," मी म्हणायची.

मग अचानक कुठेतरी माशी शिंकली. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज फोन करायला लागल्या. सकाळी ठीक असतात, पण दुपारचं जेवण झालं की आखडतात. खुर्चीत बसले की संध्याकाळपर्यंत बोट हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. काकूंना एकटीला ते उचलवत नाहीत. एकदा उचलायला गेल्या आणि दोघंही पडले, शेजारी येईपर्यंत तसेच जमिनीवर. मुलगी दुसऱ्या शहरात. ती घाबरली आणि तिने एका देखभाल केंद्रात वडिलांसाठी खाट सांगून ठेवली. दुपारचं हे लवकर सुधारलं नाही तर महिनाअखेर त्यांना तिथे हलवायचं, हे नक्की झालं होतं.

"मला माझ्या घरात राहायचंय, तारवाल्या बाई," मिस्त्री मला फोनवर म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला. त्यांचा आवाज तोवर पडायला लागला होता. मला फार वाईट वाटलं.

आता गंमत ऐका. यंत्राने घरी टिपलेला आलेख आम्ही उघडून बघितला. मला वाटलं, दुपारी लहर डोंगरासारखी चढलेली दिसणार. झालं उलटंच. दर दुपारी लहर खाली, अगदी छान, लांबलचक खाली.

"हे तर चालताहेत," डॉक्टर म्हणाले.

"काकू म्हणतात, दगड होऊन बसलेले असतात."

"मग काकूंची काहीतरी गफलत होतेय. आखडलेल्या माणसाचा आलेख असा नसतो, मॅडम. तुम्ही जाऊन बघा एकदा."

मी मनाशी म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. लहर पडतेय म्हणून यंत्र वीज कमी करतंय, आणि वीज कमी म्हणून माणूस आखडतोय. तेव्हा यंत्राला ऐकायचं बंद करायला सांगायचं आणि वीज एकसारखी चालू ठेवायची. लहर का पडते ते नंतर बघू. म्हणून मी त्या दुपारी टॅब पिशवीत टाकून निघाले.

गल्लीच्या टोकाचं बैठं घर. दार मिस्त्रींनीच उघडलं, जरा रेंगाळत, पण उघडलं. आत गेल्यावर मी हसलेच. गिऱ्हाइकांकडे उरलेल्या फरश्या आणून त्यांनी घर सजवलं होतं. बाहेरच्या खोलीत पिवळ्या, त्यात मधेच एक निळी, स्वयंपाकघरात काळ्या-पांढऱ्या, बोळात तर प्रत्येक वेगळी.

"प्रत्येक फरशीचं घर मला पाठ आहे," ते म्हणाले. "रेघा दिसल्या की पाय उचलतात. साध्या सिमेंटवर सोडलंत तर संपलो."

काकूंनी चहा दिला. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी रिसीव्हर काढला. चपटा, तळहाताएवढा असतो. तो गळ्यात अडकवून छातीवर सोडायचा, म्हणजे यंत्र जे ऐकतं ते मला टॅबवर दिसतं. मिस्त्री त्यांच्या लाकडी खुर्चीत बसले, आणि आम्ही वाट बघत इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागलो.

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. मग वाक्यं तुटायला लागली. तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं, नुसतं, मागे कुणी नसल्यासारखं. काकू लगबगीने उठल्या, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. दुपारची झोपायची खोली बंद कशाला करायची?

मी टॅबकडे बघितलं. लहर चढायला हवी होती, पण ती पडत होती. माझ्या डोळ्यांदेखत ती शांतपणे खाली गेली आणि खालीच राहिली. समोर माणूस लाकडासारखा. मी त्यांचा हात उचलून बघितला, तो कोपरात वाकेना. डोळे तेवढे जिवंत होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. कडी घातलेल्या दारावर खिळले होते.

मी सगळं करून बघितलं. रिसीव्हर काढून पुन्हा लावला. टॅब बंद करून चालू केला. काकूंचा फोन लांब ठेवायला लावला. जोडणी बरोबर, यंत्राचा नंबर त्यांचाच. डोकं चक्रावलं. मग माझ्या लक्षात आलं की खाली पडलेली ती लहर अगदी सपाट नाहीये. तिच्यात बारीक हेलकावे होते. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिल्यासारखा. चालणाऱ्या माणसाची लहर अशी दिसते, डावं पाऊल, उजवं पाऊल. कधीकधी हृदयाचे ठोकेही आलेखात घुसतात, म्हणून मी त्यांची नाडी धरली. नाडी भराभर धावत होती. हेलकावे संथ होते.

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं.

आतल्या खोलीत कुणीतरी चालत होतं. अनवाणी, सावकाश, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मधे एका जागी पाऊल पोकळ वाजायचं, ठक्... आणि पुन्हा मऊ पावलं. मी टॅबवर बोट ठेवून बघत राहिले. आत पाऊल पडे आणि माझ्या बोटाखाली लहर हेलकावे.

"काकू, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग वर? वर कुणी राहतं?"

"वर नुसती गच्ची. कुलूप आहे." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हेच आहेत ते."

"कोण हे?"

"हे... आमचेच. इथे आखडले की तिकडे चालायला लागतात."

मी काकूंकडे बघत राहिले. बाई बोलायला शहाण्यासारख्या, घर लखलखीत, औषधांच्या वेळा मला तोंडपाठ सांगणाऱ्या. आणि तोंडातून हे.

"पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली," त्या म्हणाल्या. "मग कान देऊन ऐकलं. पावलं यांचीच. आजाराच्या आधीची. ती एक फरशी पोकळ राहिलीय, यांनी घाईत बसवली होती. तिथे आले की जरा जोरात पाय टाकतात, चिडून. पहिल्यापासून तसंच करायचे. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, मला कळणार नाही?"

"दार उघडून बघितलंत?"

"उघडलं की थांबतं. म्हणून मी लावून घेते... चालू दे म्हटलं. कुणी तरी चालतंय ना."

शेवटचं वाक्य त्या ज्या मायेने बोलल्या, त्याने मला पावलांपेक्षा जास्त भीती वाटली. तरी मी उठले. म्हटलं, मी काही अशी तशी नाही, उंदीर असेल, पाण्याचा पंप असेल, शेजाऱ्यांची भिंत लागून असेल. कडी काढली आणि दार ढकललं.

खोलीत एक खाट, घडी घातलेलं पांघरूण आणि भिंतीशी उरलेल्या फरश्यांचा ढीग. बाकी काही नाही. खिडकी बंद. वास मात्र ओल्या सिमेंटचा, आत्ताच कुणी कालवून ठेवल्यासारखा गार आणि जड. पावलं थांबली होती. कुठे थांबली होती ते मला सांगता येत होतं, हे विचित्र. माझ्यासमोर, दोनेक पावलांवर. तिथे काहीच नव्हतं आणि मी तिथून नजर काढू शकत नव्हते.

"काकू, टॅबवर रेघ कुठे आहे?"

"वर गेली... एकदम वर."

मी दार लावलं. कडी घातली, नीट बसलीय का ते ओढून बघितलं. जरा वेळाने आत पाऊल वाजलं, आणि टॅबवर लहर पुन्हा खाली उतरली.

खरं सांगते, मला काही कळेना. यंत्र खोटं बोलत नव्हतं, काकूही खोटं बोलत नव्हत्या, आणि दोघांचं खरं असेल तर माझं शिक्षण, माझी इतक्या वर्षांची नोकरी, सगळं पाण्यात. मिस्त्रींच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"...जवळ... रोज... थोडा थोडा..."

"काय जवळ, काका?"

"...दाराशी... येतो..."

या आजारात भास होतात. औषधांनीही होतात. खोलीत कुणीतरी आहे असं वाटणं तर नेहमीचं, निम्मे रोगी तसं सांगतात. मी स्वतःला ते बजावलं. आत पावलं आता भिंतीपर्यंत जात नव्हती. ती पोकळ फरशीवरून दाराकडे येत होती, परत वळत होती, पुन्हा दाराकडे येत होती. फेरी लहान होत चालली होती.

"काहीतरी करा हो," काकू म्हणाल्या. "महिना संपत आलाय. तिकडे नेऊन टाकतील यांना."

मग मी जे करायला आले होते ते केलं. ऐकणं बंद, वीज एकसारखी, सकाळी असते तेवढी. टॅबने विचारलं, नक्की? मी नक्कीवर बोट ठेवलं.

आतली पावलं दाराला टेकून थांबली. इतकी टेकून की पलीकडे कुणी श्वास घेत असता तर ऐकू आला असता. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आता, आणि मला वाटलं, त्यांना काहीतरी सांगायचंय. पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण मी टॅबकडे बघत होते. गार वारा पायांवरून गेल्यासारखा झाला, ओल्या सिमेंटचा वास दाटला. वर बघितलं तर आतलं दार वीतभर उघडं होतं. कडी कुणी काढली, मी बघितलं नाही. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या.

आणि मिस्त्री खुर्चीतून उठले.

असे उठले जसे आपण उठतो. हातांचा आधार नाही, आधी पुढे झुकणं नाही. उठले, गळ्यातला रिसीव्हर सावरला, आणि खोलीभर चालले. रेघा बघून नाही. खाली न बघता, हात मोकळे सोडून. काकूंच्या तोंडातून हुंदका फुटला, त्या त्यांच्या मागे मागे फिरायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. आपल्या हातून एक माणूस उभा राहिला, याच्यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही.

मग मी टॅबकडे बघितलं.

लहर वर होती. जितकी मी कुणाचीच कधी पाहिली नव्हती तितकी वर, आणि तिथे थिजलेली. हेलकावा नाही. अशी लहर असलेला माणूस पापणी हलवू शकत नाही. तो माणूस माझ्यासमोर माठातून पाणी घेऊन पीत होता.

"काका, जरा बसा. मला एकदा बघू द्या."

"नको," ते म्हणाले. "फार दिवस बसून होतो." आवाज खणखणीत, त्यांचाच. मग हसून म्हणाले, "फार उपकार झाले, मॅडम."

दारापर्यंत सोडायला आले. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागे न बघता चालले, आणि तिथे पोचल्यावर लक्षात आलं की त्यांनी मला कधीच मॅडम म्हटलेलं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं नाही. पावलांचं बोलले असते तर त्यांनी मलाच तपासलं असतं. फक्त म्हटलं, माणूस चालतोय आणि लहर म्हणतेय तो आखडलाय.

"माणूस चालतोय ना?" डॉक्टर म्हणाले. "मग झालं. रोग्याकडे बघा, मॅडम, आलेखाकडे काय बघता!" आठवड्यापूर्वी हेच गृहस्थ नेमकं उलट सांगत होते. मी कपाळाला हात लावला.

मुलीने केंद्रातली खाट नको म्हणून कळवलं. मिस्त्री घरी राहिले. काकूंचा फोन आला, बाजारात जाऊन येतात, रात्री झोप चांगली लागते, म्हणाल्या. मी विचारलं, दुपारी आत काही आवाज? "छे, आता कशाला?" त्या म्हणाल्या. त्या ज्याची वाट बघत होत्या ते त्यांना मिळालं होतं. मला मात्र चैन पडेना. माझ्यामुळे ते आपल्या घरात राहिले, असं म्हणावं तर मन आत कुठेतरी अडखळायचं.

काही दिवसांनी दोघं तपासणीला आले. मिस्त्री झपझप आत आले, समोर बघत, एकदाही खाली न बघता. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि ते पुढच्या रोग्याकडे गेले. रिसीव्हर मिस्त्रींच्या गळ्यात घालून मी त्यांना बसायला सांगितलं, तर बसले नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. काकू शेजारी. खाली रस्त्यावरचं काहीतरी दाखवून दोघं बोलत होते.

मी घरचा आलेख उघडला. सकाळ, रात्र, झोप, जाग, लहर सतत वर. झोपेतही उतरत नव्हती, आणि झोपेत ती सगळ्यांची उतरते. फक्त दुपारी, रोज, तिच्यात बारीक बारीक खड्डे होते. क्षणभर पडायची आणि चढायची. पुन्हा पडायची. मला ते खड्डे ओळखीचे वाटले, आणि मग ओळख पटली.

माणूस हलतो तेव्हाच लहर पडते असं नाही. हलायचं असं त्याने मनात आणलं, आणि अंग हललंच नाही, तरी ती क्षणभर पडते. अगदी खिळलेल्या रोग्याला आम्ही सांगतो, हात उचलू नका, नुसतं उचलायचं मनात आणा. लहर पडली की कळतं, आत माणूस ऐकतोय.

खिडकीशी ते दोघं बोलतच होते. मी टॅबवर वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "काका... ऐकू येत असेल तर उजवा हात उचलायचं मनात आणा."

लहर पडली.

खिडकीशी पाठीमागे बांधलेले हात जसेच्या तसे होते. ते काकूंना काहीतरी सांगून हसत होते.

"आता थांबा."

चढली.

"पुन्हा..."

पडली. या वेळी खोल पडली, आणि चढायलाच तयार होईना. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. काय विचारावं? दुखतंय का विचारू? कुठे आहात विचारू? हो-नाही कसं सांगणार ते? "काका, मी आहे," एवढंच म्हटलं. "मी इथेच आहे."

वर बघितलं तर ते माझ्या टेबलाशी उभे होते. कधी आले, पावलांचा आवाज झाला नव्हता. त्यांनी गळ्यातला रिसीव्हर काढला, दोर व्यवस्थित गुंडाळला आणि तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"पुरे आता, मॅडम," ते हळू, समजावणीच्या सुरात म्हणाले. "तो दमतो."

काकूंनी ऐकलं. ऐकलं हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. त्यांनी नवऱ्याची कॉलर सरळ केली, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चला, अहो, उशीर होतोय." आणि दोघं निघून गेले. बोळातून त्यांची पावलं दूर जाताना मी ऐकत राहिले, मग जिन्यावर, मग काहीच नाही.

रिसीव्हर टेबलावर होता. तो हातभर अंतरापलीकडचं काही पकडत नाही, म्हणून तर छातीवर ठेवावा लागतो. रोगी दाराबाहेर गेला की टॅबवर जोडणी तुटल्याची खूण येते आणि रेघ थांबते.

खूण आली नाही. रेघ चालू होती, वर, थिजलेली. समोरची रोग्याची खुर्ची रिकामी होती. खोलीत मी एकटी होते.

"काका?" मी म्हटलं.

लहर पडली.